समुद्र तापला की चक्रीवादळ होतं म्हणतात, मग ऐन पावसाळ्यात का होत नाही? आणि कोल्हापूरला त्याची भीती आहे का?

प्रश्न आवडला, कारण बातम्या 'समुद्र तापला, वादळ आलं' इथंच थांबतात. मी हवामानतज्ज्ञ नव्हे, कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. पण आमचं गुऱ्हाळ होतं आणि यातलं बरंचसं मला काहिलीपाशीच, म्हणजे उसाचा रस उकळायच्या मोठ्या कढईपाशीच, कळलं.

लहानपणी उकळत्या रसाच्या वाफेत हात घातला होता. रसाला हात लागलासुद्धा नाही, तरी मनगट पोळलं. वाफेचं कातडीवर पाणी होतं आणि ती वाफ व्हायला जेवढी उष्णता खर्ची पडली होती, तेवढी तिथं सुटते. वादळ चालतं ते याच उष्णतेवर. समुद्रावरची वाफ वर जाते, तिचे ढग होतात, उष्णता सुटते, हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब कमी होतो आणि चहूबाजूंनी दमट हवा आत धावते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती सरळ न येता गरगरत येते. विषुववृत्तालगत हा परिणाम नगण्य असतो, म्हणून तिथं वादळ तयार होत नाही.

पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं, तेही नुसतं वरवर नाही, तर सुमारे पन्नास मीटर खोलीपर्यंत. वादळ समुद्र घुसळतं ना! खाली गार पाणी असेल तर ते वर येतं आणि वादळ स्वतःचीच चूल विझवतं. उपग्रहाला फक्त वरचा थर दिसतो. म्हणून संशोधकांनी समुद्रात 'आर्गो' तरंगक सोडलेत. ते दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात आणि दर दहा दिवसांनी वर येऊन तापमान कळवतात.

आता जुलै. तेव्हाही कोकणालगतचं पाणी २६.५ च्या वरच असतं. अडतं ते वाऱ्यापाशी. खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत. गुऱ्हाळात वारं पडलेलं असलं की वाफ काहिलीवर सरळ उभी राहते. आडवं वारं सुटलं की जाळ तेवढाच, पण वाफ भलतीकडेच. तसंच इथं. सुटलेली उष्णता कमी दाबाच्या डोक्यावर साठतच नाही. म्हणून आपली वादळं बहुतेक पावसाळ्याच्या तोंडाला किंवा तो सरल्यावर येतात: 'फयान' नोव्हेंबर २००९, 'निसर्ग' ३ जून २०२०, 'तौक्ते' मे २०२१.

अरबी समुद्रात ती वाढलीत हे खरं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासात १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ मध्ये तिथली वादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, बंगालच्या उपसागरात ८ टक्क्यांनी घटलेली. मुळात अरबी समुद्रात वादळं थोडी, त्यामुळे टक्का मोठा दिसतो, एवढं भान ठेवावं. पण कल मला खोटा वाटत नाही.

कोल्हापूरचं म्हणाल तर जमिनीवर आलं की वादळाची वाफ तुटते, वर मध्ये सह्याद्री. त्यामुळे अख्खं वादळ डोक्यावर येईल ही भीती नको. २०१९ आणि २०२१ चे महापूर चक्रीवादळाचे नव्हतेच, पावसाळी पावसाचे होते. त्यासाठी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी बघायची. ४३ फूट म्हणजे धोका.

राहिला वारा. तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं, तरी आमच्या गोठ्याचे दोन पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडले. बाबांनी ते नुसते दगड ठेवून दाबले होते. आता हुक मारून घेतलेत.