श्रावणात गिटार रंगवू नकोस, आणि लाकडापर्यंत जाऊ नकोस

तुझा प्रश्न थोडक्यात असा: स्ट्रॅट (फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर) धाटणीची काळी इलेक्ट्रिक गिटार, कडेचे टवके उडालेले. सगळा रंग उतरवून लाकूड उघडं करायचं, मोटारीच्या रंगांच्या दुकानातले स्प्रे कॅन आणून जुन्या स्ट्रॅटसारखा फिका लाल द्यायचा, तेही बडोद्यात, कारेलीबागेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत आणि नवरात्राच्या आत. कॉलेजात आहेस म्हणालास, म्हणून तुला ‘तू’ म्हणतो.

मीही बडोद्यातच, दांडिया बाजारात राहतो. गेल्या बारा वर्षांत स्वतःच्या आणि मित्रांच्या मिळून नऊ गिटारी घरी रंगवल्या. त्यातल्या पहिल्या दोन बिघडल्या, आणि दोन्ही वेळा कारण एकच होतं: मी थांबलो नाही. म्हणून आधीच सांगतो, नवरात्रात ही गिटार लाल होऊन तुझ्या हातात येणार नाही. यंदा काळीच वाजव. दिवाळी झाली की काम काढ.

पहिली गिटार मी ऑगस्टमध्येच रंगवली होती. दुपारी पाऊस थांबला, ऊन पडलं, म्हणून अगाशीवर (गच्चीवर) नेऊन क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, हात मारला. पाच मिनिटांत काळ्या रंगावर दूध सांडल्यासारखी पांढुरकी झाक आली. कॅनमधलं द्रावक भराभर उडतं तेव्हा खालचा पृष्ठभाग गार पडतो, माठातलं पाणी गार होतं त्याच कारणाने. हवा दमट असली की तिच्यातलं बाष्प त्या गार थरावर बसतं आणि ओल्या रंगात अडकतं. विश्वामित्री नदीचं पाणी चढलेलं असतं त्या दिवसांत बडोद्याच्या हवेत किती ओल असते ते तुला सांगायला नको, बाहेर वाळत घातलेले कपडे बघ. ऊन पडलं म्हणजे हवा कोरडी झाली असं नाही. अशी झाक आलीच तर घाबरून पुसू नकोस. बरेचदा कोरड्या दिवशी क्लिअरचा अगदी हलका, ओलसर हात दिला की खालचा थर पुन्हा थोडा सैल होतो, ओल निघून जाते आणि झाक विरते. पण ती येऊच न देणं सोपं.

आपल्याकडे या कामाचे दिवस म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, सकाळी अकरा ते दुपारी तीन. संध्याकाळी दव पडायला लागतं. मे महिन्यातही नको, बेचाळीस अंशांत फवारा बॉडीपर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि हाताला रवाळ लागतो. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) आगेमागे आठ दिवस अगाशी विसरून जा. वर पाय ठेवायला जागा नसते, धूळ असते, पतंग असतात, आणि ओल्या रंगावर मांजा चिकटलेला मी स्वतः पाहिला आहे.

आता लाकडाचं. तुझ्यासारख्या गिटारींवर बहुतेक वेळा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. तो काचेसारखा कडक असतो, थिनरला दाद देत नाही. काढायचा तर हीट गन लागते, आणि तिने लाकूड करपतं, जोड सुटतात, धूर नाकात जातो. पेंट रिमूव्हरची भांडी बंद घरात उघडू नकोस, त्यातल्या काहींची वाफ जिवावर बेतणारी असते. एवढं करून खाली काय निघतं? स्वस्त गिटारीत चार-पाच तुकडे जोडलेलं हलकं लाकूड, कधी प्लायसुद्धा. ते उघडं पडलं की सीलर (छिद्रं बुजवणारा थर) मारा, लाकडाच्या रेषा भरा, पुन्हा घासा, म्हणजे फॅक्टरीने करून ठेवलेलं काम तू परत करायला बसणार. तो जुना कडक थर हाच तुझा सगळ्यात चांगला अस्तर आहे. त्याला फक्त खरखरीत कर आणि वरून रंग दे. लाकूड मोकळं झालं की आवाज खुलतो असं तुला कोणी सांगितलं असेल. भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारीत पिकअप (तारांखालचं चुंबक आणि वेटोळं) तारेचं कंपन पकडतो. तार, पिकअप आणि नीट सेटअप यांच्यापुढे रंगाच्या थराचा फरक कानाला कळण्याजोगा नाही. आवाजासाठी रंग काढू नकोस, दिसण्यासाठी रंगव, तेवढं कारण पुरेसं आहे.

थर कोणता आहे हे आधी तपास. नेक (गिटारीचा दांडा) काढल्यावर जो खळगा दिसतो त्यात, किंवा पिकगार्डखाली (पुढच्या प्लास्टिकच्या पाटीखाली), कुणाला दिसणार नाही अशा जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवलेली कानकाडी अर्धा मिनिट दाबून धर. कापसाला काळं लागलं, पृष्ठभाग चिकट झाला, तर तो लॅकर, म्हणजे थिनरने पुन्हा विरघळणारा रंग, आहे. काहीच झालं नाही तर पॉली. पॉली असेल तर त्यावर अॅक्रिलिक प्रायमर आणि अॅक्रिलिक रंग निर्धास्त बसतो. लॅकर निघाला तर कामाचा क्रम बदलतो, तेव्हा आधी मला विचार.

मोटारीचा रंग गिटारला चालेल का, ही तुझी शंका होती. चालतोच. स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली, आणि फेंडरचे जे रंग आज लोक जीव टाकून शोधतात ते त्या काळच्या अमेरिकन मोटारींच्या रंगांतूनच घेतलेले आहेत. ड्युपाँ कंपनीचे ड्यूको आणि ल्यूसाइट हे मोटारींचे रंग. तू जो फिका लाल म्हणतोस तो फिएस्टा रेड १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डवर होता. फक्त दुकानात एक गोष्ट विचारून घे: प्रायमर, रंग आणि क्लिअर तिन्ही एकाच जातीचे, शक्यतो एकाच कंपनीचे अॅक्रिलिक. घरच्या लोखंडी जाळीला मारतात तो इनॅमलचा कॅन खाली आणि हे अॅक्रिलिक लॅकर वर असं झालं की रंग भिजलेल्या बोटासारखा सुरकुततो, आणि मग सगळं घासून काढण्याशिवाय इलाज नाही. दुकानदार दोन घटकांचं टू-के क्लिअर दाखवेल. कॅनच्या तळाचं बटण दाबलं की त्यात हार्डनर मिसळतो. त्याची चमक भारी असते हे खरं. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, फुफ्फुसांना कायमचा दमा लावू शकतात. फ्लॅटच्या बाल्कनीत, शेजारी लहान मुलं असताना, ते नकोच. साध्या कॅनलासुद्धा सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क लाव. एन-९५ कण अडवतो, वाफ अडवत नाही. आजीची समई, गॅस गीझर, उदबत्ती, काहीही पेटतं आसपास नको. बाल्कनीपेक्षा सोसायटीची अगाशी बरी, खाली वाळत टाकलेल्या कपड्यांवर लाल बारीक ठिपके पडले तर मैत्री तुटते.

एका बॉडीला चारशे मिलिलीटरचे प्रायमरचा एक, रंगाचे दोन आणि क्लिअरचे तीन कॅन लागतात. क्लिअरमध्ये काटकसर करू नकोस, पुढे घासायला जाडी लागते.

गिटार खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ. स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये, खणाखणावर चिठ्ठी लावून. मागच्या स्प्रिंगा ज्या पत्र्याच्या नखाला अडकवलेल्या असतात त्याला एक वायर झाळलेली असते, ती अर्थिंगची. ती ओढू नकोस, सोल्डरिंग आयर्नने सोडव. पुन्हा जोडल्यावर तारांना हात लावला की गुणगुण कमी व्हायला हवी. वाढली किंवा तशीच राहिली तर हीच वायर राहिली असं समज.

मग बॉडी साध्या भांड्याच्या साबणाने, जेमतेम ओल्या फडक्याने पूस आणि पूर्ण वाळू दे. गिटार पॉलिश वर्षानुवर्षं वापरलं असेल तर त्यातलं सिलिकॉन रंगाला गोल गोल खड्डे पाडतं, माशाच्या डोळ्यांसारखे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की त्यानंतर उघड्या बोटांनी शिवायचं नाही.

टवक्यांत डेंटिंगवाले वापरतात ती एनसी पुटी पातळ थरांत भर. खोल खड्डा असेल तर दोन घटकांची बॉडी पुटी, कारण एनसी जाड भरली की आक्रसते आणि महिन्याभराने खड्डा परत दिसतो. मग ३२० चा काचकागद, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, सगळी चमक मरेपर्यंत. कडांवर हात हलका, तिथे थर पातळ असतो. नेकच्या खळग्यात मास्किंग टेप लावायलाच हवी. तिथे रंगाचे पाच-सहा थर चढले की नेक घट्ट बसते, स्क्रू पिळताना खळग्याच्या कोपऱ्यात तडा जातो. त्याच खळग्यात नेकच्याच दोन भोकांतून एक लाकडी पट्टी स्क्रूने बसव, ती तुझी मूठ. दुसऱ्या टोकाला, गळ्यातल्या पट्ट्याच्या बटणाच्या भोकात, हूक घाल आणि वाळताना बॉडी टांगती ठेव.

कॅन कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेव, गॅसजवळ कधीच नाही. आतली गोळी वाजायला लागल्यापासून दोन मिनिटं हलव. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा आणि पलीकडे जाऊन बोट सोडायचं, वीत-सव्वा वीत अंतरावरून. प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढलेला. आधी कडा, मग सपाट भाग. पहिला हात इतका विरळ की खालचं दिसत राहील. तो पाहून प्रत्येकाला वाटतं, अजून थोडं मारावं. तिथेच ओघळ येतो. पंधरा मिनिटांनी दुसरा हात, पुन्हा पंधरा मिनिटांनी तिसरा, आणि त्या दिवसाचं काम संपलं. प्रायमर पुरता वाळला की ४०० ने घासून मग रंग.

ओघळ आलाच तर ओला असताना बोट लावू नकोस. तीन-चार दिवस जाऊ दे. साध्या दाढीच्या ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचे दोन वेढे घाल, मध्ये जेमतेम ओघळाएवढी धार उघडी ठेव. टेपची जाडी ब्लेडला मूळ पृष्ठभागावर टेकू देत नाही, म्हणून धार फक्त उंचवट्याला लागते. उभं धरून आपल्याकडे ओढ. बारीक लाल भुकटी निघते, आणि दहा-बारा ओढींत ओघळ गायब होतो. हे मला एका मोटार पेंटरने शिकवलं, आणि त्यानंतर ओघळ आला म्हणून मी कधी एखादी बॉडी पहिल्यापासून घासली नाही.

सगळ्यात अवघड भाग यापुढे येतो. शेवटच्या क्लिअरनंतर चार आठवडे बॉडीला हात लावायचा नाही. बोट लावून वीस मिनिटांत कोरडी लागते, पण वाळतो तो वरचा पापुद्रा, खालून द्रावक आठवडेच्या आठवडे बाहेर येत असतं. दुसरी गिटार मी आठव्या दिवशी जोडली होती. दिसायला आरसा. रात्री पलंगावर चादरीवर ठेवली, सकाळी उचलली तर पाठीवर चादरीची वीण उमटलेली, उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट. नेकच्या मागची धातूची पट्टीही रंगात रुतून बसली होती. त्यामुळे आता मी दिवस मोजतो आणि शिवाय नाकाने तपासतो: बॉडी अर्धा दिवस कपाटात बंद ठेवायची, दार उघडल्या उघडल्या वास घ्यायचा. रंगाचा वास आला तर अजून थांबायचं. आपल्या बडोद्याजवळच्या संखेड्याच्या लाखकामात लाख गरम करून फिरत्या लाकडावर चढवतात, ती गार झाली की झाली. कॅनमधल्या रंगाचं तसं नाही, त्याला वेळच लागतो.

चार आठवड्यांनी १००० चा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००. पाण्यात साबणाचे दोन थेंब. भोकांत पाणी शिरू देऊ नकोस, लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंगाला चिरा जातात. प्रत्येक भोकात दातकोरणी खोचून ठेव, आणि पाणी कागदाला लावायचं, बॉडीवर ओतायचं नाही. मध्ये मध्ये पुसून तिरक्या उजेडात बघ. मॅट झालेला भाग म्हणजे उंचवटा घासला गेला, चमकणारे ठिपके म्हणजे संत्र्याच्या सालीसारखे खड्डे अजून शिल्लक आहेत. हे ठिपके १००० च्याच कागदावर संपव, पुढचे कागद फक्त ओरखडे बारीक करतात. कडांपासून बोटभर आत थांब, कडा शेवटी २००० ने दोनदा पुसल्यासारख्या कर. मग रबिंग कंपाउंड, सुती कापड, हातानेच. ड्रिलला पॅड लावून केलं की रंग तापतो आणि एका क्षणात कडेला खालचं प्रायमर दिसतं.

जोडल्यावर पहिले काही महिने रबर लावलेल्या स्टँडवर ठेवू नकोस, रबर ताज्या रंगाला डाग पाडतं. सुती कापड गुंडाळून ठेव.

आज एवढंच कर: नेक काढ, खळग्यात थिनरची कानकाडी दाब, आणि कापूस काळा झाला की पांढरा राहिला ते मला सांग. टवक्यांचे जवळून फोटोही टाक, खाली लाकूड दिसतंय की प्रायमर त्यावर कोणती पुटी घ्यायची ते ठरेल.