१० रुपयांच्या नाण्यातला मधला भाग फिरलेला असेल तर ते टांकसाळीचं खरं एरर, म्हणजे छापतानाच झालेली चूक, असतं का?

तुम्ही विचारलंय की प्रदर्शनात एक जण असं नाणं ३,००० ला देतोय, मधले सिंह तिरके आणि कड्यावरची अक्षरं सरळ, घेऊ का. अजिबात घेऊ नका. असं नाणं टांकसाळीत तयार होऊच शकत नाही.

मी भोसरीत टूलरूमला २२ वर्षं डाय-पंचाचं, म्हणजे दाब देणाऱ्या ठशा-साच्यांचं, काम केलं, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. कडं आणि मधली चकती प्रेसखाली जातात तेव्हा दोन्ही कोऱ्या असतात. ठसा वरून-खालून एकदाच बसतो. त्याच दाबाने चकती कड्यात आवळली जाते आणि त्याच क्षणी दोन्हींवर चित्र उमटतं. ठसा अखंड आहे, चकतीला वेगळा आणि कड्याला वेगळा असा नाही. कोरी चकती कितीही फिरली तरी काय फरक पडणार? फिरलेली दिसते याचा अर्थ छापून झाल्यावर कोणीतरी ती ठोकून बाहेर काढली आणि परत बसवली.

हेच मी २०१७ च्या भाऊबीजेला आमच्या दाजींना सांगितलं होतं. त्यांनी कापसात ठेवलेली छोटी डबी उघडली, असलंच नाणं दाखवलं आणि म्हणाले, साडेचार हजारांना मिळालं, सर्टिफिकेट आहे. सर्टिफिकेट म्हणजे विकणाऱ्यानेच छापलेलं कार्ड. मी भिंग मागितलं, बघितलं आणि म्हटलं, दाजी, फसवलंय तुम्हाला. सगळी पंगत बसली होती. ते म्हणाले, "कारखान्यात हातोडा मारणाऱ्याला नाण्यातलं काय कळतं?" ताई गप्प. मीही ताटावरून उठलो नाही, पण ते वाक्य आजही जसंच्या तसं आठवतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी खिशातलं साधं १० चं नाणं घेतलं. खाली एक बुश, म्हणजे पोकळ नळकांडं ठेवलं, वर पितळेचा ड्रिफ्ट, म्हणजे ढकलायची कांडी धरली, म्हणजे वळ उठू नये, आणि आर्बर प्रेसचा, म्हणजे हाताने दाबायच्या प्रेसचा, दांडा ओढला. दुसऱ्या ओढीला टक् करून चकती खाली पडली. थोडी फिरवून परत दाबून बसवली. सगळं मिळून १० मिनिटं. मग दहापट भिंगाखाली धरलं तर सांध्याभोवती केसासारखी चकचकीत रेघ, कड्याच्या आतल्या काठावर बारीक बर, म्हणजे धातूची उचकटलेली धार, गुंडाळलेली, आणि जिथे ड्रिफ्ट टेकला होता तिथे सिंहांच्या आयाळीवर घासल्याची चमक. न उघडलेल्या नाण्यात कडं आणि चकती यांच्या मधल्या सांध्यालाही वापराचा तोच मळकटपणा असतो, ताजी रेघ नसते. त्या रविवारी दोन्ही नाणी शेजारी ठेवून दाजींना दाखवली. रेघ तीच, बर तीच. ते म्हणाले, तुझं नकली दिसतंय, माझं नाही. त्यानंतर आमच्यात हा विषय निघालेला नाही.

तुमच्या दुसऱ्या नाण्याबद्दल, दोन्हीकडे छापा असलेल्या. ते जादूवाल्यांचं काम. लेथवर एक नाणं आतून पोखरतात, दुसऱ्याची पातळ चकती करून त्यात बसवतात. सांधा चित्रात शोधू नका, कडेच्या आतल्या बाजूला नखाने चाचपा. फरशीवर टाकलं तर खणकन वाजत नाही, बद्द वाजतं. वजनही करून बघा. स्टीलचा जुना १ रुपया ४.८५ ग्रॅम, तांबं-निकेलचे ५ रुपये ९ ग्रॅम.

बाकी फसवणूक जास्त 'लाखी'त चालते, म्हणजे एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोल गेलेलं. खऱ्या लाखीत आधीचं छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढचा ब्लँक, म्हणजे न छापलेला कोरा तुकडा, त्याच्यावर दाबला जातो, त्यामुळे त्या बाजूला दुसरं काहीच नसतं. व्हाइसमध्ये दोन नाणी आवळून केलेल्या नकलीत उलट्या चित्राखाली मूळचं चित्र चेपलेलं दिसतं. कड कापलेल्या नाण्यात कापाच्या बरोबर समोरची कड बघा. ब्लँकच तुटका असेल तर कड उचलणाऱ्या मशीनला तिथे दाब मिळत नाही, म्हणून ती बहुतेक वेळा दबकी असते. कानसीने घासलेल्या नाण्याची समोरची कड टणटणीत असते. आणि रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं कॉलरबाहेर, म्हणजे छापताना कड धरून ठेवणाऱ्या रिंगेबाहेर, छापलेलं म्हणून खपवतात. रुळावरच्या नाण्याची अक्षरं लांबट आणि पुसट होतात, कॉलरबाहेरच्या खऱ्याची मधली अक्षरं धारदार राहतात.

शिवराईला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला, मात्र हे लावू नका. ती हाताने ठोकलेली, तांब्याच्या तुकड्यापेक्षा ठसा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव'मधलं अक्षर कापलं जाणं तिच्यात नेहमीचंच आहे. ते एरर म्हणून विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

एक राहिलं. चकती एका बाजूला सरकलेली आणि चित्र दोन्हींवरून सलग गेलेलं असेल तर ते खरं असू शकतं. तसंच नाण्याची एक पूर्ण बाजू, कड्यासकट, फिरलेली असेल तरी खरं असू शकतं. नाणं वर-खाली धरून उजवीकडून डावीकडे वळवा, आपल्या नाण्यांत दुसरी बाजूही सरळच यायला हवी. आणि मी केला तो प्रयोग तुम्ही करू नका, नाणी नष्ट करण्याला २०११ च्या नाणे कायद्याने बंदी आहे.

किमतीचं फोनवर कोणी लाखात बोलत असेल आणि आधी फी मागत असेल तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल लोकांना सावध केलं होतं. दाजींनाही तसा फोन आला होता, १,८०० भरा म्हणून. ताईने भरू दिले नाहीत.