वाचकांचे प्रश्न : मुलांसाठी विद्यापीठाचं व्याख्यान

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचं सभागृह रविवारी मोकळं असतं. तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी तिथे प्राध्यापकांची व्याख्यानं ठेवायची आहेत. गेल्या वर्षी ‘प्रकाशाचं विश्व’ असं एक व्याख्यान ठेवलं, पण वीस मिनिटांत मुलं चुळबुळ करू लागली. काय चुकलं?

उत्तर : पहिली चूक नावातच आहे. ‘प्रकाशाचं विश्व’ हा धड्याचा मथळा झाला, मुलाच्या मनातला प्रश्न नव्हे. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात २००२ मध्ये सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘किंडर-उनी’, म्हणजे मुलांचं विद्यापीठ, सुरू झालं. कल्पना तिथल्या स्थानिक वृत्तपत्रातल्या दोन पत्रकारांची, आणि व्याख्याते विद्यापीठातले खरे प्राध्यापक. विषय कसे होते पाहा : ज्वालामुखी आग का ओकतात? विनोद ऐकून हसू का येतं? काही माणसं गरीब आणि काही श्रीमंत का? एका व्याख्यानाला एकच ‘का’. त्या ‘का’च्या उत्तराला जे लागत नाही, ते सगळं गाळायचं. प्राध्यापकांना सर्वांत जड जातं ते हेच, म्हणून आधी त्यांच्याशी मोकळेपणाने बोला.

व्याख्यान पंचेचाळीस मिनिटांचं ठेवा. पाहुण्यांचा परिचय दोन वाक्यांत आटपा. सत्कार, नारळ, अध्यक्षीय मनोगत काहीही नको. मुलांची ताजी दहा मिनिटं त्यातच खर्ची पडतात. पालकांना मागच्या रांगांत बसवा आणि प्रश्न फक्त मुलांनीच विचारायचे, हे सुरुवातीलाच सांगा. नाहीतर माईक मोठ्यांच्याच हातात फिरतो. लाजऱ्या मुलांसाठी दारातच कोऱ्या चिठ्ठ्या द्या. आठवडाभर आधी वक्त्यांनी तीन-चार मुलांसमोर रंगीत तालीम करावी. ज्या शब्दावर मुलं अडतील तो काढावा, किंवा ती वस्तूच हातात घेऊन दाखवावी.

प्रयोग हवाच, पण तो शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होत आली आहेत. तिथे मायकेल फॅरडे यांनी साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानांची मालिका दिली होती. त्यातला एक प्रयोग तुमच्या सभागृहात सहज होईल. जाड वातीची मेणबत्ती दोन-तीन मिनिटं जळू द्या, म्हणजे वातीभोवती वितळलेलं मेण साचतं. हलकेच विझवा. वातीतून पांढरा धूर वर चढतो. लगेच, त्या धुराची रेघ तुटायच्या आत, पेटती काडी वातीपासून दोन इंच वर धुरात धरा. ज्योत धुरावरून उतरत खाली येते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे ज्योत म्हणून जळते ती मेणाची वाफ, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. फसतो तो बहुतेक वेळा पंख्यामुळे : वाऱ्याने धूर विखुरतो. पंखे बंद करा, मागे काळं कापड धरा, बाजूने टॉर्च मारा आणि मोबाइलचा कॅमेरा प्रोजेक्टरला जोडा.

यालाच जोडून चुन्याच्या निवळीचा प्रयोग घ्या. पानात खायचा चुना एक चमचा, पाणी एक लिटर. आदल्या रात्री ढवळून, झाकण घट्ट लावून ठेवा आणि सकाळी वरचं स्वच्छ पाणी हळूच ओतून घ्या. बाटली उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने निवळीवर साय धरते आणि प्रयोगाआधीच ती गढूळ होते. जळत्या मेणबत्तीवर उपडी धरलेली बरणी काढून घ्या, त्यात थोडी निवळी घालून हलवा : ती दुधाळ होते. नळीतून श्वास फुंकला तरी तेच होतं. फुंकण्याचं काम मात्र मोठ्यांनी करावं. मूल चुकून नळी ओढतं आणि निवळी तोंडात जाते. फार वेळ फुंकत राहिलात तर दुधाळ पाणी पुन्हा स्वच्छ होतं. तिथे थांबा आणि मुलांनाच विचारा, का झालं असेल.

प्रश्न : मुलगी चौथीत, मराठी माध्यमात. पुण्या-मुंबईत अशी व्याख्यानं ऐकायला न्यावी का?

उत्तर : पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं शाळेच्या वरच्या वर्गांसाठी असतात, चौथीला थोडं थांबा. मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचा ‘चाय अँड व्हाय’ हा गप्पांचा कार्यक्रम २००९ पासून चालू आहे आणि तो सर्वांना खुला असतो. वेळ, भाषा आणि विषय आधी विचारून घ्या. विषयातले आठ-दहा इंग्रजी शब्द आदल्या दिवशी मराठीत बोलून ठेवले तर मूल वाट चुकत नाही.

प्रश्न : विज्ञान ठीक, पण लहान मुलांना तत्त्वज्ञान झेपेल का?

उत्तर : झेपतं, पण दोनशे मुलांच्या सभागृहात नाही. अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात मुलांसाठी तत्त्वज्ञानाची पद्धत बसवली. त्यात मुलं गोल बसतात, गोष्ट वाचतात, प्रश्न मुलंच काढतात आणि चर्चाही त्यावरच होते. तुम्ही पंधरा मिनिटं व्याख्यान ठेवा आणि मग पंधरा-पंधरा मुलांचे गट करा.

सुरुवात आपल्याकडच्या जुन्या प्रश्नाने करता येईल. ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद रथातून आला, तेव्हा भिक्खू नागसेनाने विचारलं : चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? नाही, तर मग रथ कुठे आहे? मुलांसमोर सायकल उभी करा. सीट बदलली, साखळी बदलली, चाकं बदलली, शेवटी फ्रेमही बदलली. ही तीच सायकल का? कोणी हमखास म्हणतं, ‘घंटी जुनी असेल तर तीच.’ या उत्तराला हसू नका. विचारा : मग घंटी काढून दुसऱ्या सायकलला लावली तर?

इथे घोटाळा करतो तो गटप्रमुख. शांतता पसरली की तो तात्पर्य सांगून मोकळा होतो. मनात दहापर्यंत मोजा. मुलाने मत मांडलं की ‘बरोबर’ म्हणू नका, ‘असं का वाटतं?’ एवढंच विचारा. ‘आई म्हणते म्हणून’ असं उत्तर आलं तर ‘आईला असं का वाटत असेल?’ असा पुढचा प्रश्न टाका. पंचवीस मिनिटांनी चर्चा थांबवा. जो प्रश्न अर्धा राहिला तो फळ्यावर लिहा आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करा.