नावाची पाटी हरवलेले, शरदात आणि हिवाळ्यात फुलणारे कंद ओळखायचे कसे?

रंगावर जाऊ नका, तो सर्वांत फसवा. फूल उघडून आधी पुंकेसर मोजा. तीन असतील तर क्रोकस. सहा असतील आणि तीन कुक्षीवृंत (फुलाच्या मधोमध बीजकोशावर उभे असणारे दांडे) अगदी तळापासून सुटे असतील तर कोल्चिकम. सहा पुंकेसर, कुक्षीवृंत एकच आणि फूल पिवळंधमक असेल तर बहुधा स्टर्नबर्गिया. पानं आली की खात्री करून घ्या: क्रोकसच्या अरुंद पानावर मधोमध पांढरी रेघ असते, कोल्चिकमची पानं रुंद आणि बहुतेक वेळा वसंतात येणारी. हा घोळ मिटवायलाच हवा, कारण कोल्चिकम जहाल विषारी आहे. केशर म्हणजे क्रोकसच्याच एका जातीचे तंतू; ते समजून कोल्चिकमचे तंतू खुडाल तर जिवावर बेतेल.

क्रोकसची नेमकी जात मात्र नुसत्या फुलावरून सहसा ठरत नाही. पानं सुकल्यावर एक कंद उकरा आणि साल बघा: जाळीदार आहे, उभ्या तंतूंचं आहे की तळाशी कड्यांसारखं सुटतंय? फोटो काढायचा तर या सालीचा जवळून काढा.

स्नोड्रॉपची (म्हणजे गॅलॅन्थसची) पानं जमिनीतून वर येताना पाहावीत. समोरासमोर सपाट चिकटलेली असतील तर गॅलॅन्थस निवॅलिस, एकाने दुसऱ्याला गुंडाळलं असेल तर एल्वेसी, कडा मागे दुमडलेल्या असतील तर प्लिकॅटस. संकरित रोपांत या खुणा सरमिसळ होतात. तिथे अंदाजाने नाव चिकटवण्यापेक्षा पाटीवर फक्त 'गॅलॅन्थस' लिहा.

सायक्लेमेन सोपं: शरदात फूल आणि गड्ड्याला वरून-बाजूने मुळं म्हणजे हेडरिफोलियम, हिवाळ्यात फूल आणि मुळं फक्त तळाला म्हणजे कोउम.