रिंगण आणि पुळण

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ड्रेसाजची, म्हणजे रिंगणात ठरलेल्या हालचाली शिस्तीत करून दाखवणारी घोडी लांब पल्ल्याला नेली की रिंगणाच्या कामाची राहत नाही, असं तुला कुणीतरी ठासून सांगितलंय. मला ते पटत नाही. तू दोन्ही कर. फक्त घाई करू नकोस, आणि ती का करायची नाही ते सांगण्यासाठीच हे पत्र.

2023 च्या सप्टेंबरात निदा अंजुम चेलाटने फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या घोडदौडीच्या) स्पर्धेत 120 किलोमीटर पूर्ण केले. त्याच महिन्यात हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज संघाने सुवर्ण आणलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी. दोन्ही बातम्यांची कात्रणं माझ्या पागेच्या दारावर शेजारी शेजारी लावलेली आहेत.

20 बाय 60 मीटरच्या चौकोनात तू सारखी दिशा बदलतेस, म्हणून घोडीच्या दोन्ही बाजू सारख्या राबतात. सरळ रस्त्यावर हे आपोआप होत नाही. राइझिंग ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीच्या तालावर खोगिरात उठत-बसत जाताना, स्वार नकळत एकाच डायगोनलवर (तिरक्या समोरासमोरच्या दोन पायांच्या एकाच जोडीवर) उठत-बसत राहतो आणि घरी येईतो घोड्याची एक बाजू दमून जाते. तू रिंगणात शिकलेली आहेस, तेव्हा दर किलोमीटरला डायगोनल बदल. तुझी पक्की मांड म्हणजे घोडीच्या पाठीचं अर्धं ओझं कमी. आणि सड्यावरच्या ओबडधोबड कातळात, ओढ्यातल्या गोट्यांवर तिला स्वतः पाय शोधायला लागला की जो तोल येतो, तो सपाट वाळूच्या रिंगणात कितीही गोल फिरवून येत नाही.

आता घाईचं. घोड्याचा दम काही आठवड्यांतच वाढतो. पायाच्या शिरा (म्हणजे कंडरा) आणि हाडं तयार व्हायला मात्र कित्येक महिने लागतात. घोडी उड्या मारत पुढे ओढते, आपल्याला वाटतं ती तयार आहे. मी असाच फसलो. घोडी ताजीतवानी होती म्हणून भरतीच्या वेळी वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूतून लांबवर दुडकी चालवली. संध्याकाळी पुढच्या पायाची शीर सुजली, हात लावला तर गरम. सहा महिने ती पागेत उभी राहिली. चूक सर्वस्वी माझी होती. म्हणून पहिले दोन-तीन महिने नुसतं चालणं आणि थोडी दुडकी, तेही ओल्या, घट्ट वाळूवर.

त्यासाठी पंचांग जवळ ठेव. आपल्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सकाळी सहा-सातला पाणी पार उतरलेलं असतं, तुला हवी तशी लांबरुंद पुळण मिळते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पहाटे पाणी वर असतं, तेव्हा रिंगणात काम कर. हिवाळ्यात कासवं भरतीच्या रेषेच्या वर अंडी घालतात, म्हणूनही ओल्या पट्ट्यातूनच जा. पावसाळाभर जांभ्यावर शेवाळ असतं, खूरही मऊ पडतात, तेव्हा बाहेरचा हट्ट नको.

दमट हवेची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. इथे घाम येतो पण सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. घामातून मीठही भरपूर जातं, ते चाऱ्यातून भरून काढावं लागतं. काही घोड्यांना अशा हवेत घाम येणंच बंद होतं. धाप लागलेली घोडी अंगाला हात लावल्यावर कोरडी लागली तर तिथेच उतर, सावलीत ने, पाणी ओत आणि डॉक्टरांना बोलाव. परक्या बादलीतलं पाणी पिण्याची सवयही आत्ताच लाव. रिंगणात वाढलेल्या कितीतरी घोड्या वाटेत पाण्याला तोंड लावत नाहीत.

एक स्टेथोस्कोप घे. डाव्या कोपराच्या मागे लावून 15 सेकंद मोज. 16 ठोके आले तर मिनिटाला 64. एन्ड्युरन्सच्या तपासणीत ठोके सहसा तेवढ्यावर उतरावेच लागतात. रोज स्वारीनंतर किती मिनिटांत उतरतात ते वहीत लिही. ड्रेसाजच्या गुणपत्रिकाही त्याच वहीत चिकटव. ज्या आठवड्यात ठोके उतरायला उशीर लागला, त्या आठवड्यात रिंगणातही तिची पाठ ताठ असल्याचं तुला दिसेल.

येत्या पौर्णिमेला ये. आपण दोघं नागावहून रेवदंड्याच्या दिशेने निघू, चालतच. आदल्या दिवशी नालबंदाला चारही नाल बघायला सांग आणि रात्रीच्या भुश्यात मीठ घालायला विसरू नकोस.

तुझा,
काका