आंबट चेरी घेतली, तर गाउटची गोळी सोडावी का?

प्रश्न : मला गाउट (युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार) आणि मधुमेह असे दोन्ही त्रास असून युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी रोज चालू आहे. अमेरिकेतील मुलीने आंबट चेरीच्या अर्काची बाटली पाठवली आहे. त्याने युरिक अ‍ॅसिड उतरते आणि झोपही चांगली लागते, असे ती म्हणते. अर्क सुरू करून गोळी बंद करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गोळी बंद करू नये. २०१२ साली बोस्टनच्या संशोधकांनी गाउटच्या ६३३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दोन दिवस चेरी खाल्ल्यावर सांधा अचानक सुजून ठणकण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी, तर चेरीच्या जोडीला अ‍ॅलोप्युरिनॉल घेतलेले असताना ७५ टक्क्यांनी कमी आढळला. चेरीच्या जाहिरातीत यातला पहिलाच आकडा झळकतो, पण आपल्या कामाचा आहे तो दुसरा. शिवाय ही केवळ पाहणी होती. पुढे न्यूझीलंडमध्ये ५० रुग्णांना २८ दिवस वेगवेगळ्या मात्रेत आंबट चेरीचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा रक्तातील युरिक अ‍ॅसिड त्याने उतरले नाही. गाउटसारख्या आजारांवर चेरी गुणकारी असल्याचे दावे छापणाऱ्या २९ कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच ताकीद दिली होती.

झोपेबाबत २० निरोगी व्यक्तींवर झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात सात दिवसांच्या अर्काने झोप थोडी वाढली. याचे श्रेय चेरीतील मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकाला दिले जाते. मात्र मिशिगनमध्ये मुबलक पिकणाऱ्या मॉन्टमोरेन्सी या आंबट जातीच्या शंभर ग्रॅम फळांत ते जेमतेम सव्वा मायक्रोग्रॅम असते आणि मेलाटोनिनच्या तीन मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या दोन हजार पटींहून अधिक, त्यामुळे हे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते.

आपल्या बाबतीत खरी अडचण साखरेची आहे. चवीला आंबट असला, तरी पेलाभर रसात पाच-सहा चमचे साखर सहज असते, अर्कात ती आणखी आटलेली असते, आणि तिच्यातील फ्रुक्टोज या फळसाखरेने युरिक अ‍ॅसिड वाढूही शकते. म्हणून बाटलीवरील साखरेचे प्रमाण डॉक्टरांना दाखवूनच अर्क घ्यावा की नाही ते ठरवावे. घरच्या घरी पर्याय म्हणून आइस्क्रीमवरची लाल चेरी मात्र खाऊ नये. आपल्याकडे ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेले करवंद असते.