इसबगोल: पाणी किती, वेळ कोणती, कोणी टाळावं?

प्रश्न: रोज झोपताना चमचाभर इसबगोल दोन घोट पाण्याबरोबर घेतो. पोट साफ होण्याऐवजी जड वाटतं. कुठे चुकतं?

पाण्यात. हा भुसा स्वतःच्या कितीतरी पट पाणी शोषून बुळबुळीत होतो आणि मल मऊ ठेवतो. पाणी कमी पडलं की तोच गोळा आतड्यात घट्ट होतो. चहाचा एक सपाट चमचा भुसा साधारण 240 मिली पाण्यात ढवळा आणि लगेच प्या; पाच-दहा मिनिटं ठेवलात तर चमचा उभा राहील इतकं घट्ट होतं. वरून अर्धा पेला पाणी घ्या. पिऊन लगेच आडवं होऊ नका, तासभर आधी घ्या. सुरुवातीला दिवसातून एकदाच, मग आठवड्याभराने दोनदा. एकदम वाढवलं की पोट फुगतं. गुण यायला 12 ते 72 तास लागतात. हे तीव्र रेचक नव्हे, त्यामुळे सकाळी जोराची कळ येईल अशी वाट पाहू नका.

प्रश्न: बद्धकोष्ठाला चालतं, मग जुलाबालाही कसं?

गुण एकच, पाणी धरून ठेवण्याचा. कोरड्या मलात तो ओल टिकवतो, पातळ मलाला घट्टपणा देतो. मूळव्याधीत कुंथावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र ताप किंवा रक्त पडत असेल तर आधी तपासणी.

प्रश्न: सकाळी थायरॉइडची गोळी घेते. सोबत चालेल?

नको. जेलमध्ये औषध अडकतं आणि शोषण कमी होतं. सकाळी गोळी, संध्याकाळी इसबगोल, हे सोपं. इतर औषधांपासून किमान दोन तास अंतर ठेवा. लिथियम, डिगॉक्सिन किंवा कार्बामाझेपिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच सुरू करा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी साखर तपासत राहावी, कारण जेवणाबरोबर घेतल्यास ती कमी चढते.

प्रश्न: कोलेस्टेरॉलसाठी घेतलं तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) बंद करता येईल?

नाही. रोज सुमारे 10 ग्रॅम, दोन-तीन वेळा विभागून जेवणाच्या सुमारास घेतल्यास एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. आतड्यातलं पित्ताम्ल बांधलं जातं आणि नवं बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. स्टॅटिनला जोड म्हणून उत्तम, पर्याय म्हणून तोकडं. पाकिटावरची साखर मात्र वाचा; चव घातलेल्या प्रकारांत ती बरीच असते.

प्रश्न: वडिलांना गिळताना ठसका लागतो. त्यांना द्यावं का?

देऊ नका. घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकण्याचा धोका खरा आहे. आतडं अरुंद झालेलं, अडथळा असलेलं किंवा मल खडा होऊन अडकलेला असेल तरीही नाही. अफूजन्य वेदनाशामकांमुळे झालेल्या बद्धकोष्ठात आतड्याची हालचालच मंदावते, तिथे त्याने उलट त्रास वाढू शकतो. घेतल्यावर छातीत दुखलं, उलटी झाली किंवा गिळणं, श्वास जड झाला तर थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न: डबा उघडला की शिंका येतात.

ॲलर्जी असू शकते; धूळ नाकात गेली की दमाही उसळतो. घेणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.